माझ्या बाजूचा ब्रेक

४ मार्च

गल्लीतल्या मोटारी : एकतीस. दुचाकी धरलेल्या नाहीत. दर वर्षी याच तारखेला मोजतो. याच तारखेला मी छतावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लावून पहिल्या गिऱ्हाइकाला घेऊन बाहेर पडलो होतो. तेव्हा गल्लीत दोनच मोटारी होत्या. एक डॉक्टरांची, एक बंद पडलेली. आजच्या एकतिसांपैकी सतरांचे चालक माझ्या हाताखालून गेलेत.

मला मात्र कोणी शिकवलं नाही. भंगारात उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये, पुस्तक मांडीवर ठेवून, चाक नसलेल्या गाडीवर मी गिअर शिकलो.

पेपरात आलंय, जिल्ह्यात आता दर तीन माणसांमागे एक मोटार. संपादक गर्दीला आणि धुराला नावं ठेवतो. ठेवू दे. माझं घर, मुलीचं शिक्षण, ही वहीसुद्धा त्या गर्दीतूनच आली. मी कोणत्या तोंडाने तक्रार करू?

७ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्याच विद्यार्थिनी. रिव्हर्स घेताना रडायच्या. आज त्यांनी मला यंत्रात बघायला लावलं — ठिणगी दिसली की बटण दाबायचं. मला वाटलं, पैकीच्या पैकी! कागद बाहेर आला तर दोन्ही कडांना काळा.

काचबिंदू. समोरचं शाबूत, बाजूचं गेलं. गेलेलं येणार नाही, उरलेलं थेंबांनी टिकेल. म्हणाल्या, "सर, आता चालवणं नाही आणि शिकवणंही नाही." शेजारी नुसतं बसायलाही नाही का, विचारलं. तर म्हणाल्या, "आरसा बघितल्याशिवाय हलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? तुमचे दोन्ही आरसे गेलेत, सर."

माझ्याच विद्यार्थिनीने मला नापास केलं. पण वेळेत केलं. कोणी चाकाखाली यायच्या आत. उपकारच म्हणायचे.

८ मार्च

पाटी उतरवली. चालू असलेले चार विद्यार्थी पुलापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पाठवले, सोबत प्रत्येकाच्या चुकांची चिठ्ठी. तिसरा उजवीकडे वळताना श्वास धरतो, हे त्यांना कोण सांगणार?

संध्याकाळी कोपऱ्यावरचा किराणावाला आला. मुलाची गाडी आहेच, आता सुनेला वेगळी हवी. आमची घेतो म्हणाला. एका घरात दोन! मी हो म्हणणार तेवढ्यात ही कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली, "विकायची नाही. मी शिकते."

मी हसलो. ती हसली नाही. सत्तावीस वर्षांत तिने कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मी तरी कुठे लाव म्हणालो होतो?

मुलगी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला राहते. अडतीस किलोमीटर. बस हायवेपर्यंतच, पुढे काही नाही. मोटारी आल्या म्हणून घरं लांब गेली आणि घरं लांब गेली म्हणून मोटारी लागल्या! ही म्हणाली, "दर रविवारी कोणाच्या दारात उभं राहायचं, सोडता का म्हणून?"

ठरलं. हिची परीक्षा १६ एप्रिलला. पास झाली तर गाडी आमची, नाहीतर किराणावाल्याची. त्याला तसा शब्द दिलाय. शिकवणार मीच. डॉक्टरीणबाई विद्यार्थ्यांबद्दल बोलल्या होत्या, घरच्या माणसाबद्दल नाही.

१२ मार्च

पहिला दिवस. हिला सांगितलं, घाबरायचं नाही, माझ्या बाजूचा ब्रेक माझ्या पायाखाली आहे. हे जादा पेडल विकतचं नाही, प्रत्येक गाडीत मी स्वतःच बसवत आलोय. सत्तावीस वर्षांत त्याने एकदाही दगा दिलेला नाही. विद्यार्थी पुढे जातोय की मागे, हे मी त्यावरूनच ठरवतो — मला किती वेळा दाबावं लागलं?

आज : चौदा.

१७ मार्च

अकरा. क्लच सोडताना हिची जीभ बाहेर येते. सांगितलं तर म्हणाली, जीभ परीक्षेला नाहीये.

१९ मार्च

नऊ. त्यातला एक जोरात दाबला. मागचा स्कूटरवाला घासता घासता राहिला, आमच्या सात पिढ्या उद्धरून गेला. हिने विचारलं, समोर काय होतं? कडेला काहीतरी हललं, म्हटलं. "काही नव्हतं," ही म्हणाली.

मला हललेलं दिसलं होतं. मी लिहून ठेवतो.

२१ मार्च

हिने गाडी मिस्त्रीकडे पाठवली. कसलासा आवाज येतो म्हणे. मला आला नाही.

२२ मार्च

गाडी परत. आवाज गेला, असं हीच म्हणाली. माझ्या बाजूचं पेडल किंचित जड लागतंय. बरंच झालं, हलकं पेडल मला आवडत नाही.

२६ मार्च

चार! एकदम चारवर. शिकवणी लागू पडतेय.

२ एप्रिल

तीन. त्यातला एक लिहून ठेवण्यासारखा. शाळेच्या भिंतीजवळ दोन गाड्यांच्या फटीतून कुत्रं आलं. मी दाबला — गाडी जागच्या जागी. कुत्र्याने मान वर करून आमच्याकडे बघितलंसुद्धा. डोळे गेले तरी पाय शाबूत आहे! हिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. मी म्हटलं, अगं मी आहे ना. ती म्हणाली, "हो. तुम्ही आहात."

९ एप्रिल

अजून दोन. गेले पाच दिवस दोनच्या खाली येत नाही. परीक्षेत शेजारी मी नसणार. हिला समजावलं, तारीख पुढे ढकलू, माझा पाय नसता तर आज चौकात टेकलीच असतीस. ही "बरं" म्हणाली. तिचं हे बरं म्हणजे हो नव्हे.

१० एप्रिल

ढकललेली नाही.

१५ एप्रिल

किराणावाला गाडीभोवती फिरून गेला. टायर दाबून बघत होता. मी खिडकी लावून घेतली.

१६ एप्रिल

आमच्याच गाडीत परीक्षा. माझ्या जागेवर परीक्षक. मी तारेच्या कुंपणाबाहेर. उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबत होतो. शेजारी उभ्या बाईंनी विचारलं, पायात गोळा आला का?

चढावर थांबवून पुन्हा उचलली. मागे सरकली नाही. आठचा आकडा काढला. मग फाटकापाशी एक रिक्षा मध्येच घुसली, मी पाय जमिनीवर दाबला, पण गाडी दोन हात आधीच थांबली होती.

पास!

परीक्षक जुने ओळखीचे. खाली उतरून मला बाजूला घेतलं. "मास्तर, तुमच्या बाजूचा ब्रेक बघून घ्या. रिक्षा आली तेव्हा मी दाबला, काहीच झालं नाही. नशीब, बाईंनी त्याआधीच थांबवली होती." मी सांगितलं, शक्य नाही, कालपर्यंत उत्तम चालत होता. काल मी स्वतः दोनदा दाबलाय.

येताना ही किराणावाल्याच्या दुकानासमोर थांबली, काच खाली केली आणि नाही म्हणून सांगितलं. तो चिडला नाही. नवीनच घेतो म्हणाला. म्हणजे गल्लीत बत्तीस. त्याच्या सुनेला हिनेच शिकवावं, असंही म्हणाला. हिने! मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. थेंबांमुळे असेल.

१७ एप्रिल

मिस्त्रीकडे गेलो. माझ्या पेडलचा सांधा त्याने काढून ठेवलाय — २१ मार्चलाच. वहिनींनी सांगितलं म्हणाला. पायाला जोर लागावा म्हणून खाली एक स्प्रिंगही बसवून घेतली. "नाहीतर त्यांना लगेच कळेल, त्यांचं फार बारीक लक्ष असतं," असं म्हणाली होती.

मागची पानं काढून बघितली. चार. तीन. कुत्रं. दोन. सगळे ब्रेक तिच्याच पायाचे.

मिस्त्रीने विचारलं, पुन्हा जोडू का? राहू दे म्हटलं. रविवारी अडतीस किलोमीटर जायचंय. पाय कुठेतरी ठेवायला हवा.