कच्ची कालवं आणि शाब्ली

आये, काल लेकाने फ्रान्सची पांढरी वाइन आणली. शाब्ली म्हणतात तिला. "घोटभर घेऊन बघ, तुला कुठून ठाऊक असणार," म्हणाला. बाटली बघूनच रेवदंड्याच्या बंगल्यातलं तुझं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर उभं राहिलं.

बाबा समुद्रात बुडाले आणि तू त्या पारशी शेठकडे चुलीपाशी लागलीस. मागची खोली आपल्याला राहायला. त्या दिवशी शेठकडे फ्रेंच पाहुणा आला होता. त्याने आगबोटीने आणलेली बाटली सकाळपासून बादलीत घालून विहिरीत सोडली होती. पाहुणा दर्यावर फिरायला गेला होता. तू खडकावरून शिंपांसकट कालवं काढून आणलीस, रश्शासाठी चूल पेटवलीस, तर शेठ दारात येऊन म्हणाले, "बाय, पाहुणा तर कच्चीच खाणार. लिंबू दे फक्त."

तू शिंपा फोडायची कोयती खाली ठेवलीस. आपल्याकडे कच्चं कालव कोणी तोंडात घालत नाही. "न्हाय शेठ. गोरा मानूस मेला तं मना धरून नेतील. माजे पोरीला कोन हाय?"

शेठ रागावणारे नव्हते, पण ऐकणारेही नव्हते. बाटली उघडून ते पाहुण्याकडून ऐकलेलं तुला समजावू लागले. तिकडे थंडीच्या मुलखात टेकड्या आहेत, तिथे कधीकाळी समुद्र होता, मातीत अजून कालवांच्या शिंपा सापडतात. त्याच मातीत द्राक्षं लावतात. तोडली की लगेच पिळतात, साली रसात राहू देत नाहीत. रस पिंपात आपला आपण फसफसतो, मग हिवाळाभर गाळावर तसाच निवत ठेवतात. गोडवा नावालाही उरत नाही. "म्हणून कालवासंगती हीच पाहिजे," ते म्हणाले.

तू सगळं ऐकून घेतलंस. "मंग आदी मी खाते. पाव्हना दर्यावरून येईस्तोवर मना काय झाला न्हाय, तं त्याला द्या." शेठचं हसू गेलं. पेल्यात थोडी वाइन ओतून ते ओटीवर गेले.

तू कालव उचलतेस, डोळे मिटतेस, गिळतेस. वरून वाइन. तोंड वाकडं करून म्हणतेस, "आंबट हाय." मग माझ्याकडे न बघता, "तू हात लावशील तं बघ." आणि आधणात भात वैरायला चुलीकडे वळतेस. मी तुझ्या पाठीकडे बघत बसते. तू खोकलीस की माझा जीव जातो. पदराने घाम पुसलास की वाटतं, चढलं विष. बाहेर शेठच्या येरझाऱ्या ऐकू येतात. भात शिजतो, पाहुणा काही येत नाही.

काही झालं नाही. पाहुणा आला, बशी रिकामी करून खूश झाला. मागच्या खोलीत तू मला जवळ ओढून रडलीस. इतकी भ्याली होतीस, हे मला तेव्हा समजलं.

काल लेकाला म्हटलं, नुसती आंबट नसते ती. आधी कच्च्या करवंदासारखी लागते, मग ओला खडक चाटल्यासारखी, आणि शेवटी जिभेवर जरासं मीठ राहतं. घोट घेऊन तो म्हणाला, "तुला कसं ठाऊक?" त्याला सांगितलं नाही. तू होतीस तोवर तुलाही कधी सांगितलं नाही, आणि हा कागद काही तुझ्यापर्यंत यायचा नाही. तू भात वैरायला वळलीस तेव्हा मीही एक कालव गिळलं, आणि तुझ्या पेल्यात उरलेला घोट घेतला. तू गेली असतीस तर मला मागे राहायचं नव्हतं.