दादाचा उरलेला शब्द

४ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

बातमी चांगली आहे, वहिनीच्या मते वाईट. तुझा बाप बोलला. लकवा मारल्यापासून तोंडातून नुसती हवा यायची. काल नर्सने उशी सरकवली आणि स्वच्छ, खणखणीत एक शब्द बाहेर पडला. तो इथे लिहीत नाही. वर्कशॉपात गिअरबॉक्स पायावर पडला की माझ्या तोंडून जो निघतो, आईपासून सुरू होणारा, तोच.

दादा आणि शिवी, विचार कर. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर याने जन्म काढला. लोक समोर रांगेत उभे राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि हा शांतपणे सांगायचा, आपली तक्रार नोंदवली आहे. मला फोनवर शिवीवाचून बोलता येत नाही, कागदावर येतं, म्हणून पत्रं लिहायची सवय मला यानेच लावली. मला वाटतं, लोकांनी दिलेल्यांतली एखादी आत राहून गेली असावी.

बाकी सगळे शब्द गेले, हा एवढाच उरला. चहा हवा तरी तोच, पंखा बंद करा तरी तोच. वाचा शिकवायला बाई येतात, त्यांनी बजावलंय की थांबवू नका आणि हसू तर अजिबात नका. याच शब्दाचं बोट धरून बाकीचे परत येतील. हाही गेला, तर मात्र त्यांच्या हातात काही नाही. वहिनी आपली खिडक्या लावत फिरते.

मी त्याच्यासमोर शिव्या देणं बंद केलंय, नक्कल करतोय असं वाटायचं त्याला. सवयच गेली, तर वर्कशॉपातले कारागीर विचारतात, शेठना बरं नाही का.

लोभ आहेच, तो घेऊन एकदा घरी ये.

तुझा
काका


११ मार्च

ती. काकांस शि. सा. न.

पत्र वाचून हसलो, मग रडलो, मग परत हसलो. यायचं मनात आहे, पण शनिवारचा कार्यक्रम हातचा गेला तर तो दुसऱ्या कुणाला देतील. माझं काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहेच. स्टेजवर जायला बाबांनी हो म्हटलं ते एका अटीवर, शिवी द्यायची नाही. तेव्हापासून मी स्वच्छ विनोद करतो आणि लोक स्वच्छ जांभया देतात. माझ्यानंतरचा पोरगा माइक हातात घेऊन नुसती एक हासडतो आणि हॉल डोक्यावर घेतो.

एक विचारू? बाबा नेमकं कसं म्हणतात? चहाला कसं, पंख्याला कसं? तुमच्यासारखा कान आपल्या घरात कुणाला नाही. तुम्ही लिहिलंत की त्यांना ऐकल्यासारखं वाटेल.

आईला नमस्कार. तुमच्या मायेवरच चाललंय.

आपला
बारक्या


१७ मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद.

हरभऱ्याच्या झाडावर चढवतोस, आणि मी चढतो. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस मी, मला हे काय अवघड. चहाचा शब्द शेवटी वर जातो, प्रश्नासारखा. पंख्याचा तुटक, कात्रीने कापल्यागत. न्हाव्याने दाढी बरी केली की डोळे मिटून लांबवतो. वहिनीला म्हणताना पहिलं अक्षर गिळतो. ती लगेच खिडकी लावायला उठते. तो तिला नुसतं जवळ बस म्हणत असतो, हे तिला कळत नाही आणि मी सांगितलं तर पटत नाही.

परवा तुझा फोटो पुसून त्याच्यासमोर धरला. हळूच म्हणाला, दोनदा, जसं झोपलेल्या पोराला उठवावं. बाई म्हणाल्या, ही हाक आहे.

लोभ असू दे. पाठीवर हात आहे समज.

तुझा
काका


२ एप्रिल

ती. काकांस सा. न.

काका, सुटलो एकदाचा. मी बाबांचं केलं. खुर्चीत बसायचं, तोंड वाकडं करायचं, आणि तो एकच शब्द. चहा, पंखा, न्हावी, आईची खिडकी. लोक अक्षरशः खुर्च्यांवरून घसरले. फोटोचं शेवटी ठेवलंय, त्याला सगळ्यात जास्त हशा आहे. पाच वर्षांत कुणी मला दुसऱ्यांदा बघायला आलं नव्हतं, आता मित्रांना घेऊन येतात.

रागावू नका. शिवी मी देत नाही, बाबा देतात. अट मोडलेली नाही. तुम्ही एकदा येऊन बघाच. आईला मात्र यातलं काही सांगू नका.

आपला लाडका
बारक्या


७ एप्रिल

चि. बारक्यास,

मी जन्मभर शिव्या दिल्या, पण उलटून देऊ शकेल अशालाच दिल्या.

येत्या शनिवारी येतो. पुढच्या रांगेतली दोन तिकिटं ठेव, कडेची. त्यातली एक खुर्ची काढून जागा मोकळी करायला सांग.

काका


१३ एप्रिल

ती. काकांस सा. न.

मला धडा शिकवायला आणलंत, हे कळलं. चाकाच्या खुर्चीत बाबांना बघितलं आणि माझी बोबडी वळली. थांबणारच होतो, पण सुरू झालेलं थांबवता येत नाही. फोटोच्या जागी आलो आणि मी तोंड उघडायच्या आत बाबाच तो शब्द म्हणाले. दोनदा. हॉल कोसळला. सगळ्यांना वाटलं, म्हातारा ठरवून बसवलाय. मग मीही त्यांच्याच सुरात उत्तर दिलं. दुसरं काय करणार होतो? हसू थांबेचना.

हॉलचे मालक खूश आहेत. म्हणतात, दर शनिवारी यांना आणा, गाडी आम्ही पाठवू. तोच राखाडी स्वेटर घालावा एवढंच. बाबांनाही बरं वाटलं असेल, एरवी कुठे बाहेर पडतात ते. आईला मी समजावतो.

राग सोडा, माया सोडू नका.

आपला
बारक्या


२९ एप्रिल

चि. बारक्यास,

गाडी पाठवू नका. दादा आता बोलत नाही.

त्या दिवशी त्याने तुला हाक मारली होती. लोक हसले तेव्हा मान जमेल तेवढी वळवून त्याने मागच्या रांगा पाहिल्या, तक्रारीला उभे असलेले लोक पाहावेत तशा. मग तू उत्तर दिलंस. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर ओठ मिटले ते मिटलेच. चहा थंड होतो, पंखा गरगरतो, त्याचं काही म्हणणं नसतं. बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी चित्रांचे पत्ते पिशवीत भरले आणि म्हणाल्या, आता मी कशाला धरून शिकवू?

धडा तुझ्यासाठी होता, तो त्याने घेतला.

काल समोर बसून तो शब्द मीच म्हटला, हळू, तुझ्या फोटोला म्हणायचा तसा. त्याने चांगला हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला. लहानपणी ठेवायचा तसाच.

वहिनीने खिडक्या सताड उघड्या टाकल्यात. तुझ्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तिला कुणीतरी पाठवलं. स्वयंपाकघरात कानाशी धरून ऐकत असते, न्हाव्यापासून पुढे, खिडकीच्या भागापर्यंत. तो तिला जवळ बस म्हणत होता हे आता तिला पटलंय, तुझ्या तोंडून. आवाज हुबेहूब आहे, म्हणते. लोक हसायच्या आत बंद करते, पण दर वेळी जमत नाही.

तिचं एक मागणं आहे. तेवढा एक शब्द, लोक नसताना म्हणून पाठव.

काका