एदीचा दुबईतला सीझन

७ ऑक्टो., मंगळ
आमच्या बास्केटबॉल टीममध्ये नवा परदेशी खेळाडू आला. एदिल्सन, ब्राझीलचा, वय पस्तीस. सगळे एदीच म्हणतात. क्लबने या एका सीझनसाठी घेतलाय. माझ्या टेबलावर झोपवला तर पाय पोटरीपासून बाहेर. खाली स्टूल लावलं, त्यावर उशी. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालेली, डावा घोटा सैल. ब्राझील, अर्जेंटिना, लेबनॉन, बहरीन, आता दुबई. इंग्लिश तोडकंमोडकं, मध्ये अरबी पेरतो. बाई फिजिओ बघून जरा बिचकला. मग म्हणाला, "समीना, तू मला अजून दोन सीझन काढून दे. बाकीचं मी बघतो."
दोन नाही, एक तरी निघेल का, बघू.

२१ ऑक्टो., मंगळ
पहिली मॅच जिंकलो. इरफान पहिल्यांदाच बघायला आला. घरी येताना मेट्रोत म्हणाला, "हा माणूस धावतच नाही, तरी बॉल जातो तिथे आधीच उभा असतो." माझ्या नवऱ्याला क्रिकेट सोडून काही कळत नाही, पण हे बरोबर पकडलं.
गुडघे शेकताना एदी गावाबद्दल बोलत होता. साओ पावलोपासून बरंच आत, बुटांच्या कारखान्यांचं गाव. वडील बुटांना तळवे चिकटवायचे. एदी लहान असतानाच कारखान्यात काम करता करता कोसळले. तिथेच गेले.
"कशाने?"
"उन्हाळा होता."
मग मोबाइल काढून मुलाचा व्हिडिओ. काइओ, चौदा वर्षांचा, आईजवळ असतो. (एदीचा घटस्फोट झालाय.) पोरगं आत्ताच सहा फूट. बापासारखंच बॉल हातात आला की क्षणभर थांबतं, मग टाकतं. एदीने तोच व्हिडिओ परत लावला. चेहरा असा की मी पट्टी बांधायची थांबले.

९ नोव्हें., रवि
प्रॅक्टिसमध्ये एदी भिंतीकडे चालत गेला, पाठ टेकली आणि हळूहळू खाली घसरला. मी पोचले तेव्हा डोळे उघडे, ओठ पांढरे. नाडी धरली. ठोका, ठोका, मग नाहीच, मग एकदम तीन-चार. असं मी पूर्वी हॉस्पिटलच्या वॉर्डात अनुभवलंय, कोर्टावर कधी नाही.
त्याने माझं मनगट धरलं. "पाणी कमी प्यालो. खलास, एवढंच. डॉक्टर नको. प्लीज."
मी त्याला आडवा केला, पाय वर घेतले आणि डॉ. हानींना फोन लावला. क्लबचे डॉक्टर तेच. फोन त्याच्यासमोरच लावला. बाजूला जाऊन केला असता तर...
मनगट सोडलं त्याने. डोळे मिटून घेतले.

१३ नोव्हें., गुरु
हॉस्पिटलमध्ये रिपोर्ट. मी बाहेर थांबणार होते. एदी म्हणाला, "हिने सुरू केलं. हिलाही ऐकू दे." फोनवर पोर्तुगीज दुभाषी बाई होत्या. हार्टचे डॉक्टर एक वाक्य बोलायचे, मग त्या बोलायच्या.
हृदयाचा स्नायू जाड झालाय. हा आजार घराण्यात चालत येतो. रोजचं साधं आयुष्य औषधांवर नीट जगता येईल. कोर्टावर मात्र जायचं नाही. खेळताना हृदय कधीही बंद पडू शकतं.
डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी अचानक गेलंय?"
एदीने माझ्याकडे पाहिलं. "वडील."
"मुलंबाळं?"
"नाही."
दुभाषी बाईंनी इंग्लिशमध्ये सांगितलं, नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी खुर्चीत बसूनच राहिले.
लिफ्टपाशी विचारलं, "असं का सांगितलंस?"
"तू एकदा बोललीस. आता पुरे."

१४ नोव्हें., शुक्र
इरफानला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "त्याच्या घरचा प्रश्न आहे, समी. आपण कोण?"
"मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे."
"ते मलाही कळतं." मग बराच वेळ चहा ढवळत बसला.
आमची सारा जिने धावत चढून वर आली. लिफ्ट बंद होती. धापा टाकत होती, मी तिच्या छातीवर हात ठेवला. "ममा, व्हॉट आर यू डूइंग?" काही नाही म्हटलं. हात काढवेना.

२० नोव्हें., गुरु
क्लबने करार संपवला. मॅनेजर नीट वागले, घाई केली नाही, पण त्यांनाही दुसरा खेळाडू आणणं भाग आहे. सगळ्यांनी मिठ्या मारल्या. एदी हसत होता, तेच हसू शेवटपर्यंत तोंडावर.
डॉ. हानींना विचारलं, मुलाचं काय करायचं? म्हणाले, मुलगा आहे हे मला तुझ्याकडून कळलं, पण पेशंटने नाकारलेली गोष्ट आपण त्याच्या घरी कळवायची नाही. त्याचं मन वळव. सारखी बोलत राहा. उद्या मीही बोलतो.
बॅग भरताना एदी म्हणाला, दुसऱ्या देशातल्या एका क्लबची ऑफर आलीये. तिथे हार्टची तपासणी करत नाहीत.
मी म्हटलं, तू मरशील.
"कदाचित. कदाचित नाही."

२३ नोव्हें., रवि
एदीला जेवायला बोलावलं. वाटलं येणार नाही. आला. करामातल्या आमच्या बिल्डिंगचा जिना त्याला वाकून चढावा लागला. खाली हॉटेलवाला बाहेर येऊन बघत राहिला.
सुरमईचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. हाताने खाल्लं, चांगलं जेवला. सारा आत गेल्यावर मी विषय काढला.
त्याने ताटाकडे बघतच सांगितलं. त्याच्या गावात चौदाव्या वर्षी हातात बॉल नसेल तर पोरं काय करतात. गोंदाचा वास. कारखाना. तो स्वतः कसा सुटला. "माझ्याकडे त्याला द्यायला दुसरं काही नाही, समीना. मी घरी नव्हतो कधी. वाढदिवसाला नव्हतो. एवढं एकच माझं त्याच्यात आहे. तेच काढून घेऊ?"
"त्यात काही नसेलही. तपासणी स्वच्छ येईल."
"आणि आली नाही तर?"
इरफान सहसा मध्ये बोलत नाही. आज बोलला. "भाई, तुमच्या वडलांना माहीत असतं तर ते त्या दिवशी कामावर गेले असते?"
एदीला ते नीट कळलं नाही. इरफानने हिंदीमिश्रित इंग्लिशमध्ये परत सांगितलं. मग कळलं.
"गेले असते," एदी म्हणाला. "आम्ही पाच भावंडं होतो."
उठून हात धुतले. कालवण छान होतं म्हणाला. इरफान त्याला सिलिकॉन ओएसिसला त्याच्या फ्लॅटवर सोडून आला.

२७ नोव्हें., गुरु
काइओच्या आईचं अकाउंट सापडलं. शोधायला वेळ लागला नाही. मोबाइलवर भाषांतर करून पूर्ण मेसेज लिहिला. आदरार्थी, नीट. दुपारभर तसाच ठेवला. मग पुसला. माझा पेशंट एदी. त्याने विश्वासाने सांगितलेलं मी कुणाला...
आणि पोरगं तिकडे रोज धावतंय.
एदीला फक्त लिहिलं, तुझं तू ठरव, खेळ किंवा नको खेळू. काइओला तपास.
वाचलं त्याने.

२ डिसें., मंगळ
इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी, सगळीकडे झेंडे. एअरपोर्टला आम्ही दोघं गेलो. कुठलं विमान ते विचारलं तर एदी म्हणाला, "आधी दोहा." तिथून कुठेही जाता येतं. त्या क्लबने रविवारपर्यंत उत्तर मागितलंय, एवढं सांगितलं.
माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी त्याच्या कोपराएवढी. "रागावलो होतो," म्हणाला. मग "यल्ला", म्हणजे चला, आणि रांगेत गेला. बराच वेळ दिसत राहिला, सगळ्यांच्या वर डोकं.

११ डिसें., गुरु
नवा खेळाडू सर्बियाचा, पाठ दुखते म्हणतो.
घरी येताना मेट्रोत एदीचा व्हॉइस मेसेज. मागे लोकांचा आवाज, कुणीतरी नावं पुकारतंय, पोर्तुगीजमध्ये. तो ब्राझीललाच गेलाय. हॉस्पिटलमध्ये आहे. काइओला तपासायला आत घेतलंय. दुसऱ्या क्लबला अजून हो म्हटलेलं नाही, नकोही म्हटलेलं नाही. रविवार उलटला तरी ते थांबलेत.
आवाज खाली करून म्हणाला, "आत जाताना त्याने विचारलं, पाय, आज संध्याकाळी प्रॅक्टिसला जायचं ना? मी अजून उत्तर दिलं नाही. तो बाहेर येईल आता. काय सांगू?"
पाय म्हणजे बाबा, त्यांच्यात.
करामा आलं, उतरले. फलाटावरच बाकावर बसून उत्तर लिहायला घेतलं, पुसलं. परत लिहिलं. तिकडे तो ऑनलाइन दिसतोय, वाट बघत.