हॉलमधला दुसरा ठोका

रविवार, १० डिसेंबर २००६, मीरा रोड

आज शाळांच्या बँड स्पर्धेचा परीक्षक होतो. शांती नगरच्या मुलींनी फार जलद वाजवलं. मला ड्रमचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येत होता. ताल सुटला म्हणून मी गुण कापले आणि त्या हरल्या.

निकालानंतर त्यांची कॅप्टन म्हणाली, "सर, आम्ही एकत्रच वाजवत होतो."

"तीस वर्षं ड्रम वाजवलाय मी, बाळ."

हॉल रिकामा झाल्यावर सहज एक टाळी वाजवली. छताच्या पत्र्यावरून ती परत आली. पुन्हा वाजवली, पुन्हा आली. म्हणजे तो दुसरा ठोका हॉलचा होता? इतर बँड संथ वाजवत होते, म्हणून तेव्हा खटकला नाही.

आयोजकांना गाठून निकाल बदलायला सांगितलं. "आता राहू द्या," म्हणाले.

उद्या त्यांच्या शाळेत जाऊन चूक कबूल करणार. पण माझं ऐकून ती पोर खाली मान घालून "सॉरी सर" म्हणाली होती, त्याचं काय करू?