लीट्रिमच्या निशाणाला माणसं कमी पडली

बफेलो, १९ मार्च

प्रिय बर्नी हिस,

वहिनी या नात्याने आशीर्वाद, आणि तिसरीपासून एका बाकावर बसलेली मैत्रीण या नात्याने एक चिमटा. तुझ्या कंबरेचं हाड आता कसं आहे? ॲरिझोनाच्या उन्हात ते लवकर सांधेल असं तुझा डॉक्टर म्हणाला होता; इथल्या थंडीत माझं न मोडलेलंही दुखतं. नोव्हेंबरात भावाच्या शेवटच्या आठवड्यात येता आलं नाही म्हणून तू पुन्हा माफी मागितली आहेस. आता पुरे कर. मॅलकीने तुझी वाट पाहिली नाही, कारण त्या आठवड्यात तो कोणाचीच वाट पाहत नव्हता, माझीसुद्धा. मी बरी आहे. (अजून दोन माणसांचा चहा होतो आणि तो सगळा मीच पिते, म्हणून झोप येत नाही. बाकी तक्रार नाही.)

सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीचं तू विचारलंस. समितीने या वर्षी नवा नियम काढला. आयर्लंडातल्या ज्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निशाणाबरोबर स्वतःच्या पायांवर चालणारी पाच माणसं नसतील, ते निशाण पुढच्या वर्षापासून मिरवणुकीत नाही. ते आयरिश सभागृहाच्या भिंतीवर काचेत बसवायचं. ‘काकू, मानाने बसवू,’ असं फिन्टन मल्वी म्हणाला. फिन्टन आता अध्यक्ष आहे. मॅलकीचा हा धर्मपुत्र बाप्तिस्म्याच्या दिवशी माझ्या निळ्या झग्यावर ओकला होता, आणि आता मला मान शिकवतो. मी म्हटलं, “बाळा, भिंतीवर मेलेल्यांना टांगतात. हे अजून चालतंय.”

पण चालणारी माणसं कुठे होती? एके काळी आपल्या लीट्रिम काउंटीचं मंडळ चौकातून पुढे सरकेपर्यंत मागचे मेयो काउंटीवाले शिव्या घालत उभे असायचे. आता उरलो तिघं. मी, ऐकू न येणारी डिम्फ्ना, आणि चाकाच्या खुर्चीतला बार्टली गकियन. चौथी लूझ, बार्टलीची नर्स. ती जन्माने फिलिपिनो, पण सहा वर्षं त्याची खुर्ची ढकलून इतकी आपली झाली आहे की त्याला अगदी तुझ्या आईच्या सुरात झापते. पाचवे म्हणून मी शेजारच्या वॉयचिकांना गाठलं. ते पोलिश, विधुर, आणि उंच. (उंचीचा उपयोग निशाणाच्या काठीसाठी. तू भुवया उचलू नकोस.) बदल्यात ईस्टरनंतरच्या सोमवारी मी त्यांच्या पोलिश मिरवणुकीत जाऊन अंगावर पाणी उडवून घ्यायचं ठरलं. त्यांची आजी लीट्रिमची होती असं सांगायचं, हे मी त्यांच्याकडून आठवडाभर पाठ करून घेतलं. लेंटच्या उपवासाच्या दिवसांत खोटं बोलायला शिकवलं, आपल्या शाळेतल्या सिस्टर इग्नेशिया वरून बघत असतील तर माझी धडगत नाही.

सगळं पाठ झालं, आणि मी मूर्ख एकच गोष्ट विसरले. नवा माणूस दिसला की आपल्यातला कोणीही नावाच्याही आधी काय विचारतो? आयर्लंडात त्याचं घराणं कुठल्या चर्चच्या हद्दीतलं, ते. फिन्टनने वही उघडली आणि सवयीने विचारलं, “कुठल्या पॅरिशचे?” वॉयचिकांनी छाती पुढे काढून इथल्या आपल्या पोलिश चर्चचं नाव सांगितलं, “सेंट स्टॅनिस्लाउस!” मागच्या बॅगपाइपवाल्याच्या पिशवीतली सगळी हवा हसण्यात गेली. फिन्टनने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वहीत लिहिलं: वॉयचिक, लीट्रिम. पोरगा वाईट नाही गं.

उजवी काठी वॉयचिकांनी घेतली, डावी मी. मॅलकीची. आमचं दर वर्षीचं भांडण तुला ठाऊकच आहे. मी एकेचाळीस वर्षं औषधाच्या दुकानापाशी उभी राहून त्याला हात करत आले, आणि त्याने एकदाही हात केला नाही, मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. घरी आल्यावर कॉर्न्ड बीफ मी त्याच्यापुढे आदळायची. “सगळ्या गावाचे नवरे हात करतात!” तो म्हणायचा, “वारा होता, फिल.” मला ती सबब वाटायची. परवा त्याच कोपऱ्यावर सरोवरावरचा वारा त्या रेशमात शिरला आणि काठीने मला जवळजवळ उचललं. दोन्ही हातांनी ती छातीशी आवळून मी तिरकी तिरकी चालत होते. फुटपाथवरून कोणीतरी “फिलोमिना!” अशी हाक मारली. कोण होतं मला अजून कळलेलं नाही. हात सोडणं शक्यच नव्हतं, बर्नी. मान वळवणंसुद्धा. वारा होता. मी तिथे रडले ते लोकांना थंडीमुळे वाटलं असेल.

आता शेवट ऐक. पाहुण्यांच्या मंचासमोर समिती माणसं मोजते, म्हणून बार्टलीने तिथे उठून वीस पावलं चालायचं असं ठरलं होतं. आठवडाभर तो स्वयंपाकघरात ओटा धरून सराव करत होता. मंच आला, लूझ ओरडली, “उठा हो म्हातारबा, आता नाही तर कधी!” आणि बार्टली खरोखर उठला. ताठ उठला, टोपी काढली, चालू लागला. आणि त्याच क्षणी, दोन मैल चाललेली डिम्फ्ना रिकामी खुर्ची पाहून तिच्यात बसली. आम्ही सगळे ओरडलो, “डिम्फ्ना, ऊठ!” तिने हसून मंचाला हात केला. पायांवर चार. फिन्टनने तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना त्याचे डोळे लाल होते. मग म्हणाला, “काकू, मी एकटा नाही हो मोजणारा.”

तेव्हा शनिवारी निशाण सभागृहात नेऊन द्यायचं आहे. इस्त्री करून ठेवलं आहे. काचेत धूळ बसणार नाही, वारा लागणार नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही. प्रकृतीला जप.

तुझी,
फिल

ता. क. ‘काही वाटत नाही’ हे खोटं आहे. लेंट चालू आहे म्हणून दुरुस्त करते.

ता. क. वरचं लिहून झाल्यावर फिन्टनकडे सोडा ब्रेड घेऊन गेले होते. पाचव्या माणसाचं नाव आत्ताच मिळालं, तर पुढच्या मार्चपर्यंत तो आपली जागा राखून ठेवील. मी तुझं नाव दिलं. तू तर लीट्रिममध्येच जन्मलेली, तुला पॅरिश विचारायची कोणाची छाती आहे? हाड वर्षभरात सांधतं. मॅलकीच्या बाजूची खोली रिकामी आहे.

ता. क. येणं जमणार नसेल तर ते कळवायची घाई करू नकोस. खरं म्हणजे कळवूच नकोस. तुझा नकार येत नाही तोवर आपण पाच आहोत.