कोपऱ्यातलं टिंब

१२ एप्रिल

धाकटे,

अनेक आशीर्वाद. अठरा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट तसंच फाडू नकोस. आधी वाच, मग फाड. इथे सगळे बरे आहेत. माझे गुडघे कुरकुरतात, तुझे भाऊजी त्याहून जास्त. पत्राला कारण आहे. ते येईल.

मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आहे. छप्पन्नाव्या वर्षी! शाळेतल्या लोकांसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, घरबसल्या, संगणकावर. ‘सर्वसमावेशक शैक्षणिक नेतृत्व’ असं भारदस्त नाव आहे. अर्थ एवढाच, की मूल शाळेत बसत नसेल तर मूल नाही, शाळा बदलायची. आणि ती बदलायला कुणीतरी पुढे व्हायचं. तुझे भाऊजी म्हणतात, "लोक या वयात केस रंगवतात, तू डोकं रंगवायला निघालीस."

पहिल्याच तासाला मी प्राध्यापिकेला म्हटलं, "जरा मोठ्याने बोला, पुटपुटू नका." माझ्या मुलीच्या वयाची बाई. ती म्हणाली, "मी पुटपुटत नाहीये, बाई. खाली एक बटण आहे, ते दाबा. माझं बोलणं लिहून येईल." दाबलं. डाव्या कानाने काम सोडलंय, हे मला त्या दिवशी कळलं. बाबा मान वळवून ऐकायचे, आठवतं? आपण त्यांना तिरसट म्हणायचो.

शेवटचा प्रकल्प असा आहे: आपल्या शाळेतली एक वाईट सवय शोधा आणि मोडा. मला शोधावी लागली नाही.

आमच्याकडे मूल प्रवेशाच्या मुलाखतीला आलं, की मुलाखत घेणारी शिक्षिका अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक बारीक टिंब देते. टिंब म्हणजे, हे मूल आपल्याला झेपणार नाही. कारण लिहायचं नाही, सही करायची नाही. पालकांना सांगायचं, जागा भरल्या. नाही म्हणणारं कुणीच नाही, आणि मूल बाहेर.

मी मांडलं, मुलाखतीच्या खोलीत पेन्सिल बंद. नकार द्यायचा तर पेनाने, कारणासह, खाली नाव घालून. मुख्याध्यापक हसले. "बाई, दोन वर्षं राहिली तुमची. कशाला मोहोळ उठवताय?"

"दोन वर्षं पुरतील," मी म्हटलं.

"आणि ही पद्धत सुरू कुणी केली, ते विसरलात वाटतं?"

विसरले नव्हते. मी सुरू केली. नवी होते, तडफदार होते, एका दुपारी साठ मुलं उरकायची होती. केवढी सोय केली, असं वाटलं होतं मला.

मागच्या आठवड्यात जुनी कपाटं उपसून सगळे अर्ज काढले. एकशे सात टिंबं. पेन्सिल इतक्या वर्षांनीही पुसट होत नाही गं. त्यातल्या एका अर्जावर तुझं अक्षर होतं.

तुझ्या लेकाची मुलाखत मी घेतली, हे तुला माहीत आहे. नकार वरून आला आणि मी ब्र काढला नाही, असं तू समजत आलीस. मीही समजू दिलं. नुसती भित्री बहीण असणं सोयीचं होतं. वरून काही आलं नव्हतं. मी त्याला विचारलं, चेंडूचा रंग कोणता? तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग उठला, आपली खुर्ची ओढत आणली आणि अगदी माझ्यासमोर बसला. सहा वर्षांचं पोर. कमी ऐकू येत असताना कसं ऐकायचं, ते त्याचं त्याने शोधून काढलं होतं. मी टिंब दिलं.

पंचवीस तारखेला शाळेच्या मंडळापुढे प्रकल्प मांडायचा आहे. मुख्याध्यापकांनी बजावलंय, जुने अर्ज आणलेत तर तुमची उपमुख्याध्यापिकेची खुर्ची गेली समजा. मी आणणार. एकच, त्याचा. दुसऱ्यांची मुलं दाखवायचा मला हक्क नाही. याचाही नाही, म्हणून विचारते. तो आता मोठा आहे, त्यालाच विचार. हो म्हणाला तर नाव झाकून दाखवीन. नाही म्हणाला तर कागद नेणार नाही. पण टिंब माझं होतं, हे उभी राहून सांगणारच. त्यासाठी मला कुणाची परवानगी नको.

माफी मागत नाही. मागितली, की तुला ‘जाऊ दे’ म्हणावं लागेल. ते तू म्हणू नयेस.

ताई


३० एप्रिल

धाकटे,

तुझं कार्ड पोचलं. दोन ओळी: ‘तो म्हणतो, नाव झाकू नको. मी म्हणते, घरी येऊ नको.’ दोन्ही पाळते आहे.

अर्ज दाखवला, नावासकट. एका सभासदाने विचारलं, "हा मुलगा आता काय करतो?" सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी म्हटलं, "तो आज काय करतो यावरून त्याचा तेव्हाचा हक्क ठरत नाही. पुढचा प्रश्न." मुख्याध्यापक म्हणाले, हा बाईंचा घरगुती मामला आहे. मी म्हटलं, "उरलेली एकशे सहाही कुणाच्या तरी घरचीच होती."

निकाल असा, की पेन्सिल राहिली आणि मी गेले. खुर्ची काढून घेतली, प्रवेश समितीतूनही नाव कापलं. प्राध्यापिका म्हणाली, प्रकल्प अर्धवट राहिला, मुदतवाढ घ्या. घेतली.

सोमवारपासून मुलाखती सुरू झाल्या. खोलीत मला जागा नाही, म्हणून माझे तास झाले की बाहेरच्या बाकावर पालकांशेजारी बसते. प्रत्येकीला सांगते, "नाही म्हणाले तर कारण लिहून मागा. खाली सही मागा. मिळेपर्यंत उठू नका." काल तीन आया उठल्या नाहीत. शिपाई घंटा देऊन थकला. शेवटी मुख्याध्यापक स्वतः बाहेर आले. "बाई, हे काय चालवलंय?"

"गृहपाठ," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून पेन काढलं. पहिल्या दोघींच्या अर्जांवर कारण लिहून सही केली. तिसरीच्या अर्जावर लिहायला गेले आणि थांबले. लिहिण्यासारखं कारण सापडेना. त्या मुलीला प्रवेश मिळाला.

कानाला यंत्र बसवून घेतलं आहे. तू कधी बोललीस तर ऐकू येईल. बोलायलाच हवं असं नाही.

तुझ्या लेकाला नाकारणारी,
तुझी ताई