तुझ्या अंगठ्या नदीत जाणार नाहीत

प्रिय ताई,

जऊळक्याला स्टेशनामागे आपण दोघी फ्रॉकच्या ओच्यात गारगोट्या वेचायचो. भर दुपारी गोधडी डोक्यावरून घ्यायची, दोन गारगोट्या एकमेकींवर घासायच्या आणि आत पिवळसर उजेड चमकला की श्वास रोखायचा. दगडांना जळका वास यायचा. पाळीवरून आलेले बाबा गोधडी ओढून म्हणायचे, "काय पोरीहो, हिरे सापडले का तुमाले?"

आज हे लिहिते आहे, कारण काल तुझा तो रत्नवाला कारंज्याहून घरी आला. तुला जाऊन महिनाही झाला नाही. तुझ्याच खुर्चीत बसला, तुझ्याच कपातून चहा प्याला आणि तुझ्या पल्लवीला म्हणाला, "मेलेल्या मानसाचे खडे घरात ठेवू नका. दोष लागते. द्या इकडे, मी नदीत सोडतो."

आणि तुझी लेक, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेली, उठून तुझ्या अंगठ्यांची डबी घेऊन आली की! कुठून आली असेल ही भीती तिच्यात? तुझ्याकडूनच ना?

राग येऊ देऊ नकोस. यायचा तर येऊ दे, आता तू फोन आपटू शकत नाहीस.

मागे तो आपटलास, ते आठवतं? कोणा राक्षसाच्या देहाचे तुकडे पृथ्वीवर पडले, रक्ताची माणकं झाली, दातांचे मोती, डोळ्यांचे नीलम, असं तू मला भक्तिभावाने सांगत होतीस. मी एवढंच विचारलं, "म्हणजे संकट टळावं म्हणून तू राक्षसाचा डोळा बोटात घालतेस?" त्यावर आठवडाभर अबोला. मोती शिंपल्यात होतो आणि पोवळं म्हणजे समुद्रातल्या बारक्या जिवांचं घर, हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आपल्या दोघींनाही शिकवलं होतं. पेपरात गुण तुलाच जास्त पडले होते.

नीलम लाभतो की नाही हे पाहायला त्या रत्नवाल्याने तुला तो तीन रात्री उशाखाली ठेवायला लावला. वाईट स्वप्न पडलं नाही तर लाभला. अगं, होस्टेलची घंटा कानाशी वाजली तरी तू उठत नव्हतीस. त्या परीक्षेत तू पहिली येणारच होतीस.

मग सोनाराकडून अंगठी घडवून घेतलीस, खालून उघडी, खडा कातडीला टेकला पाहिजे म्हणून. सकाळी बुद्धवंदना म्हणायचीस आणि उठताना तीच अंगठी कपाळाला लावायचीस. बाबा असते तर काय म्हणाले असते?

इथवर मी हसले असते. पण छातीतली गाठ हाताला लागली, अकोल्याच्या डॉक्टरांनी लवकर या म्हटलं, आणि तुझा रत्नवाला म्हणाला, "दिवाळीपर्यंत शनी कडक हाये, तोवर अंगाले सुरी लावू नका." तू थांबलीस. मला फक्त म्हणालीस, "दिवाळी झाली की जाऊ." दिवाळी आली. शनीचं काय झालं ते मला माहीत नाही. तुझं झालं ते माहीत आहे.

काल डबी त्याच्या हातात पडणार, तेवढ्यात मी झाकण दाबून धरलं. "दोष मले लागू द्या," म्हटलं.

तो हसला. "मावशी, तुमी शिकलेल्या दिसता. पन शनी कोनाची शाळा पाहत नाही."

तेव्हा मला बाबा आठवले. म्हटलं, "आमचे बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते. ते म्हनत, गोट्यानं नशीब फिरत असतं तं रुळाखालच्या गिट्टीनं पहिले गँगमनचं फिरलं असतं."

पल्लवी हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. आणि तिनेच डबी माझ्या हातात दिली.

आज सकाळच्या एसटीने मी कारंज्याला त्या सोनाराकडे गेले. नीलम म्हणजे नुसती काच निघावी अशी फार इच्छा होती. तुला फसवलं, एवढं तरी म्हणता आलं असतं. त्याने खडा उजेडात धरला. "काकू, एक नंबर माल हाये, सिलोनचा. कोन सोडते म्हने ह्याले नदीत? मले दाखवाच तो मानूस."

अस्सल होता, ताई. अस्सल असूनही काही करू शकला नाही. याहून जास्त मी त्या खड्याला काय बोलू?

आता ऐक. नीलम तुझ्या नातीला, आर्याला. सोनार तो पदकात बसवतो आहे, मागून बंद, नुसता शोभेला. पुष्कराज सुनेला, शेवटच्या दुखण्यात तुझं सगळं तिनेच केलं. पोवळं पल्लवीला, ते भिंगातून पाहायचं आणि मग घालायचं, अशी अट आहे. तुझ्या त्या रत्नवाल्याला मी जऊळक्याच्या रुळाजवळची मूठभर गिट्टी पोचती करणार आहे. त्याने ती खुशाल नदीत सोडावी.

डबीच्या तळाशी तुझी गारगोटी होती. ती मी ठेवली. माझी अजून माझ्याजवळ आहे. सुट्टीत आर्या आली की तिला भर दुपारी गोधडीखाली घेऊन बसेन आणि दोन्ही घासून दाखवेन. हा माझा शब्द.

तुझी,
छबू